फळाची जागा

शकू, छापखान्याचे वानखेडे आज पुन्हा येऊन गेले. चहा घेतला, तुझ्या फोटोकडे पाहून थोडे हळहळले आणि मग मुद्द्यावर आले. "बाई, बाकी साऱ्या चित्रांचे ब्लॉक झाले. तेवढं एक राहिलं. ते कधी देता?"

ते एक म्हणजे कोणतं, हे तुला तरी सांगावं लागणार नाही. आपल्या दोघींच्या पुस्तकातलं शेवटचं चित्र, लव्हाळ्याचं. मुळं झालीत, खोड झालंय, बाजूनं फुटलेला तुरा झालाय, आणि खाली उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक गोल आहे. त्यात फळ यायचं होतं. गोल रिकामा आहे. नागपूर जिल्ह्यातल्या तळ्याकाठच्या वनस्पतींवर इतकी वर्षं खपून केलेलं पुस्तक त्या एका गोलापायी अडून बसलं, आणि ज्या बाईनं ते अडवलं ती खुशाल निघून गेली. आता लोक मला विचारतात. वानखेडेंना मी आज काय सांगितलं ते शेवटी सांगते. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे.

समाचाराला येणारे म्हणतात, नणंद-भावजय असून बहिणींसारख्या राहिल्या हो. मी मान डोलावते. बहिणींसारख्या कसल्या? बहिणी एवढ्या भांडत नाहीत. आणि बहिणी एकमेकींच्या गाद्यांखाली चिखलाची झाडं दाबून ठेवत नाहीत. पावसाळ्यात आपल्या घरात बसायला जागा नसायची. तुझ्या दादाचा पेपर त्यानं वाचायच्या आधीच तुझ्या मोथ्याच्या जुड्यांखाली जायचा. कागद दमट झाले की शेगडीवर धरून कोरडे करायचे, पुन्हा झाडं त्यात ठेवायची, वर ट्रंक, ट्रंकेवर पाटा. एकदा तर पाहुणे आले आणि चटणी वाटायला पाटाच मिळेना. मी ओरडले तर तू म्हणालीस, "वहिनी, चटणी उद्या होईल. हे उद्या सडून जाईल."

मी लग्न होऊन सक्करदऱ्याच्या या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून कॉलेजात जायचीस. पुढे तू बायकांच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलीस आणि मी मुलींच्या शाळेत चित्रकला. आपले रस्ते तसे वेगळेच राहिले असते. पण एका संध्याकाळी तू तळ्यावरून आलीस आणि माझ्या पांढऱ्या स्वच्छ ड्रॉइंग पेपरवर ओली जुडी ठेवलीस. "वहिनी, हे काढून दे."

मी म्हटलं, "गवतच ना हे?"

"गवत?" तुझा चेहरा असा झाला जसं मी घरातल्या कोणाला शिवी दिली. "हात लावून पाहय. बोटात फिरव. तीन धारा लागून राहिल्या ना? गवताची काडी गोल असते, आतून पोकळ, पेरापेराची. हे भरीव आहे, तिधारी आहे, याले पेर नाही. हे लव्हाळं आहे. पुन्हा याले गवत म्हणशील तं बोलणार नाही तुह्याशी."

त्या दिवसापासून मी तुझ्या कामाला जुंपले गेले. शाळेतून यायचं, पोळ्या करायच्या, आणि मग होल्डर आणि शाई घेऊन बसायचं. डोळ्याला भिंग लावून एकेका तुऱ्याचे खवले काढायचे. तू मागे उभी. "वहिनी, हा केस इथं नाही." "वहिनी, हे टोक एवढं बोथट काहून केलं?" जिनं आयुष्यात कधी सरळ रेघ मारली नाही ती मला रेघ शिकवायची. तू फळ्यावर काढलेली आकृती पाहून तुझ्याच विद्यार्थिनी हसायच्या, हे मला माझ्या शाळेतून तिकडे गेलेल्या मुलींनी सांगितलंय.

आणि तुझा तो नियम. एका चित्रात एकच झाड. मूळ ज्याचं, खोड त्याचं, तुरा त्याचा, फळही त्याचंच. एकदा तू आणलेल्या जुडीतला एक तुरा येताना बसमध्ये मोडला. मी शेजारच्या झाडाचा तुरा पाहून काढला. एकाच तळ्यातली, एकाच जातीची दोन झाडं, काय फरक पडतो? तू चित्र खिडकीजवळ नेलंस, जुडी शेजारी धरलीस, आणि पाहता पाहता कागद मधोमध फाडलास. चार संध्याकाळचं काम! मी तुझ्याशी बोलणं सोडलं. वाढायचे, ताट पुढे सरकवायचे, तोंडातून शब्द नाही. शेवटी तूच ओट्याजवळ येऊन उभी राहिलीस. "वहिनी, उद्या कोणी आपलं चित्र हातात घेऊन तळ्यावर जाईल. त्याले आपण असं झाड दाखवून राहिलो जे दुनियेत कुठंच नाही. ते बिचारं शोधत बसंल ना वं."

मी पुन्हा काढलं. राग याचाच येतो, शकू, की तुझं बरोबर असायचं. तू चुकत असतीस तर माणूस केव्हाच सुटला असता.

मग ते पारशिवनीकडचं तळं. तू मुलींची सहल घेऊन गेली होतीस आणि गुडघाभर चिखल घेऊन आलीस. पायरीवरूनच हाका मारत सुटलीस. इंग्रजांच्या काळातल्या एका जाड पुस्तकात एका लव्हाळ्याबद्दल एकच ओळ होती, की हे नागपूरजवळ पाहिलं. त्यानंतर कोणी ते पाहिलं नव्हतं. तुला वाटलं, ते हेच. पुण्याच्या तज्ज्ञांना तू वाळवलेलं झाड पाठवलंस. त्यांचं उत्तर आलं की हे नेहमीचं, सगळीकडे उगवणारं लव्हाळं दिसतं, जुन्या साहेबाची नजर चुकली असेल, तुमच्या जिल्ह्याच्या यादीतून हे नाव गाळावं. दिसायला दोघं सारखीच. फरक फक्त फळात, आणि फळ ते केवढं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. नेहमीच्याचं फळ गुळगुळीत. तुझ्यावाल्याच्या फळावर आडव्या बारीक सुरकुत्या, धुणं धुतल्यावर बोटांवर पडतात तशा. पण त्या सुरकुत्या फळ पूर्ण पिकल्यावरच पडतात. कच्चं असताना दोन्ही गुळगुळीत. आणि तुला पिकलेलं फळ काही मिळालं नव्हतं.

झालं. तिथून आपल्या घरात एकच विषय. हे आपल्या भागातलं आहे, की कधी नव्हतंच, की होतं आणि संपलं? दादा म्हणायचा, यादीत 'दुर्मिळ' लिहा आणि मोकळ्या व्हा. तू त्याच्यावर डाफरायचीस. "दुर्मिळ म्हणजे काय दादा? दुर्मिळ म्हणजे आपण नीट पाहिलं नाही. नाही पाहिलं तं तसं लिहावं."

पहिल्या वर्षी गेलो तर म्हशींनी शेंडे खाल्लेले. दुसऱ्या वर्षी पाऊसच नाही, तळ्याच्या तळाला भेगा. पुढच्या वेळी लवकर गेलो, फळ हिरवं. त्याच्या पुढच्या वेळी उशिरा गेलो, फळ गळून गेलेलं. तेव्हा मी माझ्या पिशवीतून चहाची गाळणी काढली. म्हटलं, एवढ्या लांब आलोय, चिखल गाळून पाहू, दाणे तिथंच पडले असतील. आणि सापडले की गं दाणे, चांगले तीन-चार! मी नाचायचीच बाकी होते. तू ते तळहातावर घेतलेस, पाहिलेस, आणि परत चिखलात टाकलेस.

"अवं, टाकले काहून?"

"चिखलातलं फळ कोणत्या झाडाचं, हे काय चिखलाले विचारू?"

मी गाळणी धुतली आणि पारशिवनीपासून नागपूरपर्यंत बसमध्ये तुझ्याकडे पाठ करून बसले. ती गाळणी पुढे चहाला कधी वापरली नाही. वासच जाईना.

मग तुझ्या डोक्यातून कुंपण निघालं. ज्या झुबक्याची काडी आपण चित्रात घेतली होती तिथं म्हशी जाऊ नयेत म्हणून तेवढ्या जागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. नथ्थूजींच्या म्हशी त्या तळ्यात बसायच्या, म्हणून त्यांना विचारायला गेलो. ते घाबरले. "बाई, सरकार तलाव घेऊन राहिलं काय?"

"नाही गा भाऊ. आम्हाले फक्त फळ पाह्याचं आहे."

"कशाचं फळ?"

तू बोट दाखवलंस. नथ्थूजींनी त्या हिरव्या काड्यांकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, की ही तरी शहाणी दिसते काय. "गवताचं फळ?" म्हणाले. मी मनात म्हटलं, गेला हा माणूस. तू त्यांच्या हातात काडी दिलीस, बोटांत फिरवायला लावलीस, तीन धारा, पेर नाही, पोकळ नाही, सगळं सांगितलंस. ते दुपट्ट्यात तोंड घालून हसत होते. पण काटे त्यांनीच तोडून दिले, आणि आपण दोघींनी ते ओढून ओढून लावले. माझ्या दोन चांगल्या साड्या गेल्या त्यात.

त्या वर्षी लव्हाळं काय माजलं! तू कुंपणाबाहेर उभं राहून त्याच्याकडे अशी पाहत होतीस, जशा दादाच्या जपून ठेवलेल्या बाळंतविड्यातल्या टोपड्याकडे सासूबाई पाहायच्या. फळाच्या दिवसांत मात्र तुझ्या कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि जाणं राहिलं. काही हरकत नाही म्हणालीस, आता ते कुठं जाते.

पुढच्या वर्षी गेलो तर कुंपणाच्या आत नुसतं पाणकणीस. पुरुषभर उंच, दाट. त्यात बोट शिरायला जागा नव्हती. लव्हाळ्याची एक काडी नाही. बाहेर म्हशी चरत होत्या, तिथं मोकळं होतं. आत म्हशी नव्हत्या, तर दांडग्यानं लहानाला गिळलं होतं. आपल्या कुंपणानं मारलं त्याला, शकू. मी तिथंच म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पाऊस जास्त झाला औंदा."

पाऊस! किती वेळा भांडलो आपण यावरून. जेवताना, भाजी निवडताना, दादा झोपल्यावर हळू आवाजात. मी म्हणायचे कुंपण, तू म्हणायचीस पाऊस. एवढी सत्याची चाड असलेली बाई, दुसऱ्याच्या तुऱ्याचा एक केस इकडचा तिकडे होऊ देत नव्हती, आणि स्वतःच्या कुंपणाबद्दल एकदाही 'हो' म्हणाली नाही. आजारी पडलीस तेव्हा मी ठरवलं होतं, बरी होऊन घरी आलीस की हे एकदा कबूल करून घ्यायचंच.

धंतोलीच्या दवाखान्यात तू खिडकीकडे तोंड करून पडलेली असायचीस. त्या शेवटच्या दुपारी मी दूध घेऊन आले. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. इतकी वर्षं एका छताखाली काढली, एका ताटात नाही तरी एका टेबलावर. काही तर म्हणेल. तू म्हणालीस, "वहिनी, तो गोल भरू नको वं. पाहिल्याशिवाय नाही."

मी म्हटलं, "नाही भरत. दूध पी."

हे आपलं शेवटचं बोलणं. एक गोल आणि एक पेला दूध. त्यावर मी रोज चिडते. तुला दुसरं काही सुचलं नाही? आणि मला तरी काय सुचलं? तू माझी फार जवळची होतीस, तुझ्यावाचून मला या घरात करमलं नसतं, लेकरू झालं नाही म्हणून बाया कुजबुजत होत्या तेव्हा तूच मला टेबलाशी बसवून हातात भिंग दिलं होतंस, हे सगळं मला माहीत होतं. बोलायला काय झालं होतं? पण तू गोलाचं काढलंस, मग मीही दुधाचं काढलं. तुझ्यापाशी दुसरं काही बोलायची सवयच नव्हती.

फळ पिकायला थोडेच दिवस उरले होते. तेवढंही थांबली नाहीस.

तेरवी झाली. दिवाळी आपल्याकडे नव्हतीच यंदा. थंडी पडायला लागली तशी मला घरात बसवेना, म्हणून मी पारशिवनीची बस धरली. दादा म्हणाला, मीही येतो. इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. चपला हातात घेऊन तो तळ्याच्या पाळीवर उभा राहिला आणि मला विचारायला लागला, "शकू कुठं बसत होती?" मी त्याला कुठली जागा दाखवू? तू बसायचीस कुठं? तू कंबरेत वाकलेलीच असायचीस.

कुंपण नव्हतं. काटे नथ्थूजींच्या चुलीत गेले असणार. पाणकणीस मात्र होतं तसंच. तू गेल्याचं मी नथ्थूजींना सांगितलं. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "फळ दिसलं काय त्यायले?" मी नाही म्हटलं.

परत निघताना म्हशी पाण्यात उतरतात त्या वाटेनं आलो. कुंपणापासून बरीच लांब, तळ्याच्या दुसऱ्या अंगाला. चिखलात खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेनं बुटके बुटके हिरवे झुबके. मी सवयीनं एक काडी बोटांत फिरवली. तीन धारा. बाजूनं तुरा. तुरा तपकिरी झालेला. मी हातावर झटकला तर काळेभोर दाणे पडले. भिंग काढलं. दाणे दादाच्या तळहातावर ठेवले आणि वाकून पाहिलं.

सुरकुत्या होत्या, शकू. आडव्या, बारीक, एकाखाली एक.

मी त्या चिखलात बसले आणि मोठ्यानं रडले. तू गेलीस त्या दिवशी एवढी रडले नव्हते. दवाखान्यात, घाटावर निघताना, तेराव्याला, सगळीकडे माझं काहीतरी काम चालू होतं. इथं काही काम नव्हतं. "काहून गेली वं तू, थोडं थांबायचं ना," असं मी म्हशींच्या वाटेवर बसून म्हणत होते आणि दादा बाजूला उभा राहून डोळे पुसत होता. आणि रडता रडता माझ्या लक्षात आलं की हे सगळं म्हशींच्या पायांखाली वाढलंय. म्हणजे कुंपणाचं माझंच खरं होतं. ते तुला सांगायची केवढी हौस होती मला!

घरी येऊन टेबलाशी बसले. तुझं चित्र समोर, रिकामा गोल समोर, दाणा भिंगाखाली. होल्डर शाईत बुडवला. दादा म्हणाला, "भरून टाक ना वं तो गोल. कोणाले समजते?" खरंच, कोणाला समजणार होतं? पुण्याच्या तज्ज्ञांची तोंडं बंद झाली असती. पुस्तकात छापून आलं असतं की शकूचं बरोबर होतं. तुझ्यासाठी मला एवढं करता येत होतं, आणि दुसरं काहीच करता येत नव्हतं.

पण हे झाड ते झाड नाही. चित्रातलं झाड कुंपणातल्या झुबक्याचं, एकाच मुळावर दरवर्षी फुटणाऱ्या. ते पाणकणसानं गिळलं. त्याला सुरकुत्या पडल्या असत्या की नाही, आता कोण सांगणार? दोघांचं खोड सारखं, तुरा सारखा, म्हणून एकाचं फळ दुसऱ्याला लावलं तर तू म्हणाली होतीस तेच होईल. मी होल्डर हातात धरून बसले आणि तुझा आवाज कानात. मेल्यावरही ही बाई मला हवं ते करू देत नाही. निबेवरची शाई वाळली. मी निब धुतली, नवीन कागद घेतला, आणि म्हशींच्या वाटेवरचं झाड पहिल्यापासून काढलं. मूळ त्याचं, खोड त्याचं, तुरा त्याचा, फळ त्याचंच. चार संध्याकाळी लागल्या. खाली जागा लिहिली, नावापुढे काही लिहिलं नाही. नाव द्यायचं काम तुझं होतं, मला ते येत नाही. आता पुण्याचे तज्ज्ञ देतील, आणि ते आपल्या जिल्ह्याचं मानायचं की नाही यावर आणखी पाच वर्षं घोळ घालतील. तू असतीस तर त्यांना सोडलं नसतंस.

तुझ्यामुळे मला तळ्याकाठी नुसतं हिरवं असं काही दिसतच नाही. सक्करदऱ्याच्या तळ्यावर संध्याकाळी फिरायला गेले तरी हात खाली जातो, काडी बोटांत फिरते. शेजारच्या बाया थांबून पाहतात. हा छळ तू मागे ठेवून गेलीस. दुसऱ्या कोणी मला एवढं काही दिलं नाही.

तर आज वानखेडेंना मी दोन्ही चित्रं दिली. त्यांनी नवीन पाहिलं, छान म्हणाले. मग जुनं उजेडाकडे धरलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाई, इथं गोलात काही नाही. ही जागा चुकून राहिली काय?"

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्या नणंदेची आहे. तशीच छापा."